बशीतलं काळीज

विज्ञानाच्या बाईंचा आवाज शाळेचं मैदान ओलांडून पलीकडच्या बसथांब्यापर्यंत जायचा. ही तक्रार नव्हे, वस्तुस्थिती आहे. त्या थांब्यावर रोज बसची वाट बघणाऱ्या एका गृहस्थांना म्हणे पचनसंस्था तोंडपाठ झाली होती. कुणीतरी हे बाईंच्या कानावर घातलं, तर बाई खूश. "बघा, शिकवलेलं वाया जात नाही," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वर्गाची खिडकी सताड उघडी ठेवायला सुरुवात केली.

बाईंचं हृदयही असंच नावाजलेलं. म्हणजे फळ्यावरचं. तांबडा खडू, निळा खडू, चार कप्पे, झडपा, सगळं मुलांकडे तोंड करून, फळ्याकडे ढुंकूनही न बघता. नववी ब मध्ये एकदा हे हृदय काढून झालं, हातावरची धूळ झटकून झाली, आणि बाई ऐटीत म्हणाल्या, "यातली एक पेशी वेगळी काढून नीट सांभाळली ना, तरी ती एकटी धडधडत राहते. असं आहे हे काळीज!"

खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुम्ही बघितलीय?"

"काय?"

"ती एकटी धडधडणारी पेशी."

"मी कुठून बघणार? ते प्रयोगशाळेत करतात."

"पण आपल्याकडे प्रयोगशाळा आहे ना, बाई?"

वर्ग खो खो हसला. हसणारच. शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे दारावर तशी पाटी होती. आत मोडके बाक होते, संचलनाच्या झेंड्यांच्या काठ्या होत्या, कवायतीचा फाटका ढोल होता आणि त्या ढोलाला टेकून एक सांगाडा उभा होता, त्याचेही दोन्ही हात कुणीतरी लांबवले होते. बाई कित्येक वर्षं ही खोली मोकळी करून मागत होत्या आणि मुख्याध्यापक, ज्यांना सगळी शाळा मोठे सर म्हणायची, तितकीच वर्षं "बघू" म्हणत होते.

त्या दिवशी बाईंना डबा गेला नाही. मुलीचा राग नव्हता आला. पोरीने विचारलं ते रास्तच होतं. पण जन्मभर आपण दुसऱ्याने बघितलेलं सांगत आलो, स्वतःच्या डोळ्यांनी काही बघितलं नाही, हे त्यांना फार लागलं. आणि बाईंना एखादी गोष्ट लागली की ती दुसऱ्या कुणाला तरी लागल्याशिवाय राहत नसे.

नेमकं त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीतल्या सूचनाफलकावर, हरवलेल्या छत्रीच्या सूचनेखाली, एक पत्रक लागलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, हृदयाच्या पेशी वाढवणाऱ्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेला विज्ञानाचे शिक्षक हवे होते. काही आठवडे त्यांनी खऱ्याखुऱ्या प्रयोगशाळेत, खऱ्याखुऱ्या संशोधकांबरोबर, स्वतःच्या हाताने काम करायचं. बाईंनी पत्रक काढलं आणि तडक मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. "तुम्ही शिकायला जाणार?"

"हो."

"पण तुम्ही तर शिक्षिका आहात."

"म्हणूनच."

हे उत्तर सरांना झेपलं नाही. ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. सर वाईट नव्हते हो. फक्त शाळेत काही नवीन घडलं की त्यांना ते आधी गैरवर्तन वाटायचं.

"आणि आल्यावर?" त्यांनी विचारलं.

"आल्यावर मला खोली द्यायची. मी मुलांना प्रयोग करून दाखवीन."

"अस्सं! मग ठरवूनच टाकू," सर म्हणाले. "शेवटच्या दिवशी नववी ब ला घेऊन मी स्वतः येतो तिथे. ते तुमचं काय ते धडधडणारं, ते तुमच्या हाताने वाढवून मला दाखवा. दाखवलंत, तर खोली तुमची. नाही दाखवलंत, तर पुन्हा खोलीचं नाव काढायचं नाही. मी तिथे ढालींचं दालन करणार आहे."

शाळेने आजवर जिंकलेल्या सगळ्या ढाली एका कपाटात मावून वर सरांची छत्री ठेवायला जागा उरत होती. पण सरांचा भविष्यावर दांडगा विश्वास होता.

"दाखवीनच," बाई म्हणाल्या. हा शब्द बसथांब्यावर नक्की ऐकू गेला असणार.

मग रजेचा घोळ सुरू झाला. शाळेच्या हेडक्लार्कनी नियमांचं पुस्तक उलटं-सुलटं करून पाहिलं. शिक्षकाला लग्नासाठी रजा होती, आजारपणासाठी होती, घरात कुणी गेलं तर होती. पण शिक्षकाने शिकण्यासाठी घ्यायची रजा काही सापडेना. "असा प्रसंग पूर्वी आलेला नाही," ते म्हणाले. शेवटी त्यांनीच तोड काढली. संस्था वैद्यकीय आहे ना, मग रजाही वैद्यकीय. कारणाच्या रकान्यात बाईंनी सविस्तर लिहिलं होतं, 'हृदयाच्या पेशींची जोपासना शिकण्यासाठी'. रकाना लहान पडला म्हणून क्लार्कनी त्यातलं 'हृदय' तेवढं ठेवलं.

आता वैद्यकीय रजा आणि कारण हृदय, म्हटल्यावर काय होणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चित्रकलेच्या बाई, गणिताचे सर आणि ग्रंथपाल अशी वरात फळांची पिशवी घेऊन बाईंच्या घरी हजर. बाई त्या वेळी स्वयंपाकघरात सासूबाईंच्या डोळ्यांच्या औषधाचं रिकामं ड्रॉपर घेऊन पाण्याचे थेंब एका बशीतून दुसऱ्या बशीत टाकायचा सराव करत होत्या. ग्रंथपालांनी ते पाहिलं आणि हलक्या आवाजात बाईंच्या यजमानांना विचारलं, "डोक्यावर पण परिणाम झालाय का?"

यजमान विमा कंपनीत होते. त्यांना कुठल्याही प्रश्नावर 'सध्या तरी नाही' असं उत्तर द्यायची सवय. तेच त्यांनी दिलं.

खालच्या मजल्यावरचे मीटरकाकाही बातमी ऐकून वर आले. वीज कंपनीत जन्मभर लोकांची मीटरं वाचली, त्यामुळे आपल्याला माणसंही वाचता येतात असा त्यांचा समज होता. "वहिनी, जिना चढू नका," ते बाईंना म्हणाले. खरी हकीकत सांगितल्यावर म्हणाले, "मग तर मुळीच जाऊ नका. तिथले जंतू शिकलेले असतात. साध्या औषधाला दाद देत नाहीत." सासूबाईंनी हे ऐकलं मात्र, दाराबाहेर एक खिळा ठोकून घेतला. सुनेची पर्स यापुढे घरात येणार नव्हती.

"अहो आई, मी रोग घेऊन येणार नाहीये," बाई म्हणाल्या.

"तू नाही गं आणणार. पण त्याला कळतंय का?" सासूबाई म्हणाल्या.

असो. बाई पहिल्या दिवशी संस्थेत पोचल्या त्या अशा थाटात, की जणू शाळेची तपासणीच करायला आल्यात. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "कशासाठी आलात?"

"संशोधनासाठी," बाई म्हणाल्या.

त्याने डावीकडे हात केला. डावीकडे एक रांग होती. बाई रांगेत उभ्या राहिल्या, रांगेत मागे-पुढे बोलणाऱ्यांना गप्प केलं, आणि नंबर आल्यावर समोर आलेल्या कागदावर सही केली. सही करण्याआधी लाल पेनने त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या, ते वेगळं. मग परिचारिकेने बाही वर करायला सांगितली.

"सगळ्यांचंच रक्त घेता?" बाईंनी कौतुकाने विचारलं.

"इथे येणाऱ्या सगळ्यांचं."

"छान. काटेकोरपणा असावा तर असा!"

रक्त देऊन, बिस्किट खाऊन, दंडावर कापूस दाबून बाई जेव्हा वरच्या मजल्यावर पोचल्या, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख दारातच घड्याळ बघत उभ्या होत्या. या डॉक्टर वयाने बाईंच्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान, बोलणं मोजकं, आणि केस असे घट्ट बांधलेले की भुवया कायम वर.

"मॅडम, उशीर झाला."

"रक्त द्यायला रांग होती ना."

"रक्त? ते तर दात्यांसाठी आहे. तुम्ही का दिलंत?"

क्षणभर बाईंचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "आल्या आल्या संशोधनाला हातभार लावला," त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या.

त्यांच्यासारखेच आणखी एक शिक्षक तिथे आले होते, दुसऱ्या कुठल्याशा शाळेतले, भौतिकशास्त्राचे. हे सर अजिबात बोलायचे नाहीत. मान हलवायचे. हो म्हणायला उभी, नाही म्हणायला आडवी, आणि फारच आनंद झाला तर चष्मा पुसायचे. अशा माणसाला वर्गात मुलं ऐकतात कशी, हे बाईंना कोडंच होतं.

डॉक्टरांनी काम समजावलं. कुठलंही रूप घेऊ शकणाऱ्या मूळ पेशींपासून हृदयाच्या पेशी बनवायचं त्यांचं संशोधन. त्यातल्याच काही पेशी काचेच्या चपट्या बश्यांमध्ये दोघांना देणार. अजून त्या पेशी गप्प आहेत. रोज जुना गुलाबी द्रव काढून ताजा घालायचा, तेच त्यांचं अन्न. नीट सांभाळल्या तर काही दिवसांत आपोआप धडधडायला लागतात. हे सगळं एका मोठ्या काचेच्या पेटीपुढे बसून करायचं. पुढून हात आत घालायचे, आत गाळलेल्या हवेचा झोत चालू. बशीचं झाकण उघडं असताना हात उगाच हलवायचे नाहीत आणि तोंडातून शब्द काढायचा नाही.

"का?" बाईंनी विचारलं.

"हवेतून आणि हातावरून जंतू जातात. पेशींना प्रतिकारशक्ती नसते. एक जंतू पडला तरी दुसऱ्या दिवशी सगळं संपलेलं असतं."

"कळलं," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं होतं. हाच धडा त्यांनी मुलांना कितीदा शिकवला होता. पण कळणं डोक्यात असतं आणि सवय हातात असते, आणि बाईंच्या हातात वर्षानुवर्षं खडू होता.

सुरुवातीचे दिवस छान गेले. पिपेट नावाच्या त्या पेनासारख्या नळीने द्रव ओढायचा आणि सोडायचा, हे बाईंना पटकन जमलं. ड्रॉपरचा सराव कामी आला. घरी त्या यजमानांच्या चहात दूधही थेंबाथेंबाने घालायला लागल्या. यजमान काही बोलले नाहीत, फक्त चहा कचेरीत जाऊन प्यायला लागले. बाईंनी बश्यांना नववी ब मधल्या मुलांसारखं वागवलं. रोज सकाळी हजेरी. "काय गं, कशा आहात?" हे मात्र झाकण लावून, बरं का.

आणि एके दिवशी बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर करड्या पसाऱ्यातला एक ठिपका हलला. पुन्हा हलला. मग शेजारचा. मग दोघं मिळून. बाईंनी श्वास रोखला. इतकी वर्षं फळ्यावर काढलं, पेपरात तपासलं, चुकलं म्हणून गुण कापले, ते हे! कुणी सांगत नाही, कुणी हलवत नाही, आणि ते आपलं आपण धडधडतंय. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि चष्म्याची काच धुरकट झाली.

"अहो, लागलं! धडधडायला लागलं!"

मजल्यावरची सगळी दारं उघडली. पलीकडच्या खोलीतून माणसं आली, झाडणाऱ्या मावशी आल्या, भौतिकचे सर चष्मा पुसत आले. आणि इथेच घात झाला.

कारण समोर श्रोते होते.

त्या दिवशीचा द्रव बदलायचा राहिला होता. बाई काचेच्या पेटीपुढे बसल्या, बशी उघडली, पिपेट हातात घेतली, आणि मागे उभ्या मावशींनी साधा प्रश्न विचारला, "बाई, हे असतं तरी काय?" वास्तविक बाईंनी गप्प बसायचं. पण एखाद्याने मनापासून विचारावं आणि शिक्षकाने सांगू नये, हे कसं शक्य आहे? बाईंनी सांगितलं. कप्पे सांगितले, झडपा सांगितल्या, अशुद्ध रक्त कुठून येतं नि शुद्ध कुठे जातं ते सांगितलं. मावशी हरखून ऐकत होत्या. पाठ संपल्यावर भौतिकच्या सरांच्या बाटलीतला द्रव संपलाय हे बाईंच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी मोठ्या मनाने आपली बाटली पुढे केली. "घ्या हो, परकं काय त्यात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजेरी घ्यायला गेल्या, तर गुलाबी द्रव पिवळा पडलेला आणि गढूळ. सगळ्या बश्यांत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी निपचित, आणि त्यांच्या अवतीभवती बारीक बारीक जंतू सैरावैरा पोहतायत, मधल्या सुट्टीत मैदानात पोरं पळावीत तसे. भौतिकच्या सरांच्या बश्यांचीही तीच गत. सर काही बोलले नाहीत. पण ते एरवीही बोलत नसत, त्यामुळे रागावलेत की काय हे कळायला मार्ग नव्हता, आणि त्यानेच बाईंना जास्त अपराधी वाटलं.

डॉक्टर आल्या. बघितलं. आरडाओरडा केला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. आरडाओरडा त्यांच्या ओळखीचा. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, काल काय केलंत ते जसंच्या तसं करून दाखवा. रिकामी बशी घ्या."

बाई बसल्या. करून दाखवायला लागल्या. "तर मुलांनो, म्हणजे मावशी, उजवीकडच्या वरच्या कप्प्यात..." आणि बाईंचा पिपेटचा हात पेटीतून बाहेर आला, हवेत कप्पा काढला, आणि "इकडे लक्ष!" म्हणताना त्या पिपेटच्या टोकाने पेटीच्या बाहेरच्या काचेवर दोनदा टकटक केलं. मग तीच पिपेट, तशीच, सरळ द्रवाच्या बाटलीत.

बाई स्वतःच्याच हाताकडे बघत राहिल्या. रोज फळ्यावर टकटक करायचा हात तो. त्याला कुठे ठाऊक, आपण फळा सोडून आलोय.

"खडू," भौतिकचे सर म्हणाले. आल्यापासूनचा त्यांचा हा पहिला शब्द.

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. "डॉक्टर, माझी चूक आहे. सरांच्या पेशी पण मीच मारल्या." मग म्हणाल्या, "आता शेवटच्या दिवशी मी वर्गाला काय दाखवू? माझी खोली जाईल हो."

कुठली खोली, म्हणून डॉक्टरांनी विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, ढालींच्या दालनासकट आणि बिनहाताच्या सांगाड्यासकट. डॉक्टरांच्या भुवया कधी नव्हे त्या खाली आल्या. त्या उठल्या आणि आपल्या कपाटातून एक बशी घेऊन आल्या.

"ही माझ्या स्वतःच्या प्रयोगातली आहे. अजून धडधडत नाही. गेली, तर माझं काम मागे पडेल. शेवटच्या दिवसापर्यंत सुरू होईलच याची खात्री मी देत नाही. सांभाळाल?"

"सांभाळीन," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजल्या.

त्यानंतर बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. प्रयोगशाळेत तर घातलंच, पण सवय मोडावी म्हणून घरीही. डावा हात मांडीखाली दाबून जेवायच्या. मीठ हवं असेल तर बरणीकडे बघायच्या. पहिल्या दिवशी यजमानांना फार शांत वाटलं, दुसऱ्या दिवशी भीती वाटायला लागली. सासूबाईंचा तर धीरच सुटला. "अगं, काहीतरी बोल गं! मी तुझी पर्स आत घेते हवी तर!" आणि खरंच त्यांनी पर्स आत आणून कपाटात ठेवली. मीटरकाका वर येऊन बाईंकडे निरखून बघून गेले आणि इमारतीत सांगून आले, की प्रवाह खंडित झालाय, आता फार आशा ठेवू नका.

बशी मात्र ढिम्म. बाई रोज तिला खाऊ घालत होत्या, रोज बघत होत्या. द्रव गुलाबी, पेशी धडधाकट, पण गप्प. शेवटच्या आदल्या दिवशीही गप्प. बाईंच्या मनात आलं, मी एवढी बडबड केली तेव्हा यांच्या बहिणी धडधडल्या, आणि आता मी तोंड मिटलं तर या माझ्यावर कडी करतायत. पण धीर सोडणं हे बाईंच्या स्वभावात नव्हतं. उद्या होईल, त्यांनी मनाशी म्हटलं. न होऊन सांगते कुणाला!

शेवटचा दिवस उजाडला आणि नववी ब वेळेच्या आधीच येऊन धडकली, कारण मोठ्या सरांचा वक्तशीरपणावर भर. बाईंना सकाळी सूक्ष्मदर्शकात डोकवायलाही वेळ मिळाला नाही. पोरांना काचेच्या भिंतीपलीकडच्या बोळात उभं केलं. तिथून आतलं दिसत होतं, आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेला मोठा पडदाही. मोठे सर म्हणाले, "मी काय बोळात उभा राहू?" त्यांना पांढरा झगा घातला, बुटांवर पिशव्या चढवल्या, डोक्यावर टोपी बसवली. मुखपट्टी त्यांनी हनुवटीवर ठेवली, कारण वर घेतली की गुदमरतं म्हणे. डॉक्टर पलीकडे पडदा जोडत होत्या आणि भौतिकचे सर भिंतीला पाठ लावून उभे होते.

बाई पेटीपुढे बसल्या. बशी आत घेतली. झाकण उघडलं. जुना द्रव ओढून घेतला. आता पेशी उघड्या, अंगावर काही नाही, आणि बाईंच्या पिपेटमध्ये ताजा गुलाबी द्रव.

अशा वेळी मोठे सर पुढे झाले.

समोर वर्ग होता ना! काचेमागे का असेना, पण अख्खी नववी ब माना उंचावून बघत होती. सरांनी घसा खाकरला, खिशातून पेन काढलं, पेटीवर वाकले, आणि पेनाचं टोक उघड्या बशीच्या दिशेने आत नेत त्यांनी सुरुवात केली, "विद्यार्थ्यांनो! आज आपल्यासमोर..."

बाईंचं काळीज लक्कन हललं. ओरडावं, तर बशी उघडी. हात धरावा, तर आपल्या हातात पिपेट. आणि हा माणूस साधासुधा नव्हे, खोली द्यायची की नाही ते ठरवणारा माणूस! पेन आणखी वीतभर आत आलं. डॉक्टरांनी मागे वळून बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

बाईंनी मान वळवून सरांकडे बघितलं.

फक्त बघितलं. पण ते बघणं काय होतं हे नववी ब ला विचारा. शेवटच्या बाकावर चाललेली कुजबुज ज्याने थांबते, खिशातला चिंचोका ज्याने आपोआप बाहेर येतो, ते बघणं. सरांचं वाक्य तिथेच तुटलं. पेन बाहेर आलं. आणि मग सरांचे दोन्ही हात, कुणी न सांगता, छातीवर आले आणि त्यांची घडी झाली. त्यातला एक सुटून वर गेला आणि त्याचं बोट ओठांवर टेकलं. हाताची घडी, तोंडावर बोट! मुख्याध्यापक! पिशव्या घातलेले पाय जुळवून, ताठ उभे!

काचेपलीकडे नववी ब ने हे पाहिलं. हसलं मात्र कुणीच नाही. बाईंची ती नजर काचेतूनही लागत होती.

बाईंनी द्रव सोडला, अलगद, बशीच्या कडेकडेने. झाकण लावलं. बशी उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पडद्यावर करडा पसारा उमटला.

काही हललं नाही.

बाई बघत राहिल्या. त्यांना खोलीतले बाक दिसले, ढाली दिसल्या, तो सांगाडा दिसला. झाकण लागलं होतं, आता बोलायला हरकत नव्हती. काहीतरी समजावून सांगता आलं असतं, कारणं देता आली असती. पण बाईंनी तोंड उघडलं नाही. बघू दे पोरांना, त्यांनी ठरवलं. जे आहे ते बघू दे.

उबदार द्रव पेशींच्या अंगी लागायला वेळ लागला असेल, किंवा त्यांच्या मनात आज यायचं होतं म्हणा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी ओढल्यासारखं झालं. थांबलं. पुन्हा झालं. मग तो कोपरा हलला, मग मधला भाग, आणि बघता बघता सगळा पसारा एका तालात आकसायला नि सैल व्हायला लागला. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. भौतिकच्या सरांनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरले. काचेपलीकडे एकाही पोराने हूं की चूं केलं नाही. फळ्यावरच्या हृदयाला ही शांतता कधी मिळाली नव्हती, आणि बाईंना त्याचं एवढं म्हणून वाईट वाटलं नाही.

सगळे बोळात आले तेव्हा मोठे सर सर्वांत शेवटी बाहेर पडले. टोपी हातात, चेहरा लाल. वर्गासमोर आपलं काय झालं हे त्यांच्या आता ध्यानात आलं असावं. बाईंच्या मनात आलं, पेशी दाखवल्या खऱ्या, पण साहेबांना तोंडावर बोट ठेवायला लावून मिळालेली खोली किती दिवस टिकणार?

नववी ब बाईंभोवती जमली. "बाई, सांगा ना! बाई, समजावून सांगा!"

बाईंनी सवयीने श्वास भरून घेतला. आणि सोडून दिला.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "बघितलंय ना? मग आता तुम्ही सांगा."

एकच कल्लोळ उडाला. एक म्हणे आधी कोपरा हलला, दुसरी म्हणे छे, आधी मधला; कुणी म्हणे त्या एकमेकींना सांगत असणार, कुणी म्हणे सांगत नाहीत, ओढतात; हात वर, बोटं वर, "बाई मी, बाई मी!" रखवालदार जिना चढून बघायला आला, कुणाचं काय झालं म्हणून. त्या सगळ्या हातांच्या गर्दीत, मागच्या बाजूला, एक हात सगळ्यांपेक्षा उंच होता. पांढऱ्या झग्याच्या बाहीतला. टाचा उंचावून मोठे सर उभे होते, आणि त्यांना राहवत नव्हतं.

"बाई, मी सांगू? मी अगदी जवळून बघितलं! आधी तो खालचा..."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सर गप्प झाले, पण हात खाली आला नाही.

"सांगा की," बाई म्हणाल्या. "पण आधी खोलीचं सांगा."

"दिली!" मोठे सर ओरडले. "बाक माझ्या केबिनमध्ये टाका, ढाली घरी नेतो मी! आता बोलू?"

"बोला," बाई म्हणाल्या, आणि ऐकत उभ्या राहिल्या.